आक्का जनरलच्या जागेवर उभी राहिली, आणि मी निपाणी-बेळगाव फिरून आले

बायका रजा टाकतात लग्नाला, बारशाला, फार तर सासूच्या ऑपरेशनला. मी यंदा टाकली निवडणुकीला. साहेबांनी विचारलं, "कुणाची निवडणूक?" म्हटलं, माझ्या मावसबहिणीची. त्यांचे डोळे मोठे झाले, "आमदारकी?" म्हटलं, "ग्रामपंचायत. कर्नाटकात, निपाणीजवळ." त्यावर ते जे हसले, ते मला अजिबात आवडलं नाही. रजा मात्र मंजूर झाली.

शालन आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. माहेर कोल्हापूरकडचं, लग्न होऊन निपाणीजवळच्या गावात गेली. (गावाचं नाव लिहू नकोस, असा तिचा हुकूम आहे. "गावात ऱ्हायचं हाय मला, तुझं काय, लिहून मोकळी हुशील.") मागच्या निवडणुकीत ती महिला राखीव जागेवर निवडून आली. खालच्या गल्लीला नळाचं पाणी आणलं, हायस्कूलच्या वाटेवर दिवे लावून घेतले. यंदा आरक्षण बदललं आणि तिच्या वॉर्डातली ती एकुलती जागा जनरल झाली. जनरल म्हणजे कुणालाही खुली. पण गावात जनरलचा अर्थ एकच, बाप्याची जागा. बाईनं आता गुमान चुलीपाशी जावं. आक्काचा फोन आला, "मेघी, मी जनरलला उभारलोय. ये बघायला. पडलो तर रडायला कोणतरी आपलं पायजे."

तिकडच्या बायका अशाच बोलतात, मी आलो, मी उभारलोय, मी जातो. पुण्यात माझी शेजारीण फोन स्पीकरवर ऐकून म्हणाली, "भाऊ का तुमचा?" म्हटलं, भावापेक्षा भारी.

पुण्याहून पहाटे गाडी काढली. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते, सातारा ते कोल्हापूर रस्त्याचं काम चालू आहे, ठिकठिकाणी वळवलेली वाट, त्यात उसाच्या ट्रॉल्या. नकाशा सांगेल त्यापेक्षा दीड तास जास्त धरा आणि चिडचिड घरी ठेवून या. मी घरी ठेवली नव्हती. कराडला मिसळ खाल्ली तेव्हा जरा माणसात आले. कागल सोडलं, दूधगंगा ओलांडली, टोल भरला, की पाट्यांवरची लिपी बदलते. माणसं तीच, ऊस तोच, "व्हय" आणि "न्हाय" तेच. निपाणीत शिरल्यावर तंबाखूचा वास नाकात बसतो. पहिल्यांदा येणाऱ्याला ठसका लागतो, मला लहानपणीची उन्हाळ्याची सुट्टी आठवते.

घरी पोचले तर दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, दारातच उभे. चेहरा असा की घरात कुणीतरी आजारी आहे. चहा झाला, ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी झाली, तरी माणूस गप्प. शेवटी मीच विचारलं, "दाजी, प्रचार कसा चाललाय?"

"माझा न्हाय चालला," ते म्हणाले आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेले.

मग आक्कानं सगळं सांगितलं. जागा जनरल झाल्याचं कळलं तशी बिरदेवाच्या देवळात बैठक बसली. ह्या भागात अशा बैठकीत भंडारा उचलतात. देवापुढची हळद मुठीत घ्यायची आणि शब्द द्यायचा. तो शब्द मोडला तर घरावर काहीतरी येतं, अशी पक्की समजूत. दाजींचे चुलतभाऊ तात्या उमेदवार ठरले. वॉर्डातल्या प्रत्येक घरच्या मालकानं तात्यांसाठी भंडारा उचलला. त्यात दाजीही होते.

"तुझ्या नवऱ्यानं?" मी ओरडलेच.

"त्याला वाटलं, राखीव गेली म्हणजे माझं संपलं. घरी येऊन सांगतोय कसा, ठरलं म्हणून. मी म्हटलं, मला न इचारता? दुसऱ्या दिवशी जाऊन अर्ज भरलो."

"आणि दाजी आता मत कुणाला देणार?"

"तात्याला," आक्का शांतपणे म्हणाली. "देवाच्या दारात शब्द दिलाय त्यानं."

माझं डोकंच फिरलं. मी बरंच काही बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. आक्कानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेघी, त्याला बोलायचं न्हाय. शब्द मोडणाऱ्या गड्याबरोबर मी एवढी वर्सं नांदलोच नसतो." मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी गाव बघितलं. जाहीर प्रचार थांबलेला, त्यामुळे गल्ल्या शांत. आक्काचं चिन्ह बॅटरी. मला आधी वाटलं कुणीतरी दिलं असेल, तर म्हणाली, "मीच मागितलो. निवडणुकीचे सायेब म्हणत हुते शिलाई मशीन घ्या, बाईमाणसाला शोभंल. म्हटलं, दिवे लावलोय गावात, बॅटरीच द्या." आम्ही हायस्कूलच्या वाटेवर संध्याकाळी गेलो. दिवे लागलेले, पोरी सायकलवरून कलकलाट करत परत येत होत्या. त्यातल्या एकीनं आक्काला बघून घंटी वाजवली. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. माझी बहीण आहे ही, असं त्या पोरींना थांबवून सांगावंसं वाटलं. सांगितलंही एकीला. ती "व्हय, दिसतायसा तशाच" म्हणाली आणि पळाली.

परत येताना रत्नाच्या अंगणात थांबलो. रत्ना आक्काची शेजारीण, विड्या वळते. चार-पाच बायका मांडीवर सुपं घेऊन बसल्या होत्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. हात चालू आणि तोंडही चालू. पण आक्का बसली तशी सगळ्या गप्प झाल्या.

रत्नानंच तोंड फोडलं. "आक्का, खोटं बोलणार न्हाय. मत तुलाच द्यावं वाटतंय. नळ तू आणलास, मी न्हवं बघितलं? पण ह्येनी भंडारा उचललाय. पोरगी बाळंतपणाला आलीया. काय इपरीत झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

दुसरी म्हणाली, "माझी बी तीच गत हाय बघ."

मी बोलणार होते, अंधश्रद्धेवर एक भाषण माझ्या ओठावर होतं. पण रत्नाच्या दारात ती नऊ महिन्यांची पोटुशी पोरगी उभी होती. तिच्यासमोर कुठल्या तोंडानं बोलणार? गिळलं.

तेवढ्यात बिरदेवाचे पुजारी मामा दिवाबत्तीला निघाले होते, ते अंगणावरून चालले. रत्नानं हाक मारली. "मामा, वाईच थांबा. एक सांगा. भंडारा उचलला तर तो कुणाला लागू हुतोय? उचलणाऱ्याला का सगळ्या घराला?"

मामा थबकले. एकदा आक्काकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. त्यांना प्रश्न कुठं जातोय ते कळलं होतं. त्यांनी स्वतःही तात्यांसाठीच भंडारा उचलला होता.

"ज्याच्या मुठीत भंडारा, त्याच्याच तोंडचा शब्द," ते म्हणाले. "बापानं उचलला म्हणून पोराला लागू हुईत न्हाय. पोराला यगळा उचलाय लागतोय. पयल्यापास्नं असंच हाय."

"मग आम्हांला कुणी बोलावलं हुतं?"

"न्हाय. मी म्हटलं हुतं बैठकीत, बायकांचं काय. तात्या म्हणाला, बायकांना कशाला देवळात बोलवायचं, घरचा मालक उचलतोय न्हवं."

मग रत्ना अशी हसली, अशी हसली की तंबाखू उडून सगळ्यांना शिंका आल्या. "अगं बाई! म्हणजे आम्ही मोकळ्याच की!"

"मी खोटं बोलणार न्हाय, देवाच्या दारात रोज उभारतो," मामा म्हणाले आणि घाईघाईनं निघाले. जाता जाता पुटपुटले, "माझं नाव तेवढं कुठं सांगू नगासा." मामा, नाव नाही लिहिलं.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढे रांगा लागल्या. बायकांची रांग लांब, कारण गावचे बरेच गडी इचलकरंजीला आणि गोव्याला कामाला, सगळे काही आलेले नव्हते. डोक्यावर पदर, हातात ओळखपत्र, तोंडावर काहीच नाही. पोलिसाला वाटलं असेल किती गरीब बायका! दाजींनी सकाळपासून माझी गाडी घेऊन म्हाताऱ्या माणसांची ने-आण केली. त्यात तात्यांची आईही होती. कुणाला मत द्या म्हणून एक अक्षर बोलले नाहीत. स्वतः मत टाकून बाहेर आले, बोटाची शाई बघत माझ्याशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "दिलो बघ तात्याला." डोळ्यांत पाणी होतं. आल्या दिवशी मी त्यांच्यावर किती चिडले होते, पण त्या घटकेला मी त्यांना फक्त चहा आणून दिला.

मतदान झालं आणि मोजणी तीन दिवसांनी. आक्का म्हणाली, "तीन दिवस हितं बसून काळीज खाऊ काय? चल बेळगावला." मी गाडीची किल्ली घेतली तर माझ्या हातावर चापटी मारली. "फुकटची बस सोडून डिझेल जाळतीस व्हय गं?" कर्नाटकात सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, पण त्या इथल्या रहिवासी हव्यात. कंडक्टर म्हणाला, "आधार तोरसरी." म्हणजे आधार दाखवा. आक्काला शून्याचं तिकीट मिळालं. माझ्या आधारवर पुणे बघून त्यानं मान हलवली आणि पूर्ण पैसे घेतले. आक्का बेळगावपर्यंत खिदळत होती. "शिकून पुण्याला गेलीस, काय मिळालं?"

वाट सुंदर आहे. तवंदीचा घाट, मग संकेश्वर, मग लांबलांब माळ आणि त्यावर पवनचक्क्या. दोन तास लागतात. बेळगावात किल्ला बघा, आतल्या कमल बस्तीचं, म्हणजे जुन्या जैन मंदिराचं, छत मान दुखेपर्यंत बघा. खडेबाजारात कुंदा घ्या, पण आधी चव मागा, दुकानदार चमच्यावर देतात. मांडे घेतले तर मांडीवर घेऊन बसा, बॅगेत घातलेत तर घरी पीठ पोचेल. माझं तेच झालं. आक्का बाजारात फिरत होती, पण मन तिकडेच. साडीच्या दुकानात हिरवी साडी हातात धरून म्हणाली, "मेघी, किती बायकांनी दिलं असंल गं?" दुकानदाराला वाटलं साडीबद्दल बोलतेय, तो म्हणाला, "लई बायकांनी नेलीय ताई." आम्ही दोघी साडी न घेताच हसत बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी सिटी बसनं बेळगुंदीला गेलो, शहराच्या पश्चिमेला. तांबडी माती, भाताची खाचरं, रताळ्यांचे ढीग. तिथं आक्काची मैत्रीण मंगल राहते. दोघींची ओळख निवडून आलेल्या बायकांच्या एका शिबिरात झाली. मंगलही नंतर जनरलच्या जागेवर उभी राहिली होती आणि पडली होती. तिनं चुलीत भाजलेली रताळी आणि वर तूप असं पुढ्यात ठेवलं. मी जरा चाचरत विचारलं, पडल्यावर वाईट नाही वाटलं?

"वाटलं की. दोन दिवस जेवलो न्हाय," मंगल म्हणाली. "तिसऱ्या दिवशी भूक लागली. पडलं तर काय पाय मोडतोय व्हय? पण एक सांगतो, आता माझ्या दारावरनं जाताना गडीमाणसं 'काय मंगलाक्का' म्हणून थांबत्यात. आधी 'मालक घरात हायत काय' एवढंच इचारत हुते."

आक्का ऐकत होती. त्या रात्री ती पहिल्यांदा नीट झोपली.

मोजणी निपाणीत, एका शाळेत. आत फक्त उमेदवार आणि एक प्रतिनिधी. आक्कानं प्रतिनिधी म्हणून नेली कुणाला? रत्नाला. दाजी आणि मी बाहेर कठड्याशी. सगळीकडे गुलाल, हार, हलगीवाले, वडापावच्या गाड्या. एका हारवाल्याला मी विचारलं, आज किती बायका उमेदवार? तो म्हणाला, "लई हायत की. पण हार आम्ही गड्याच्या मापाचाच करतो. गळ्यात तेच घालत्यात." आणि हे तो अगदी सहज म्हणाला हो! मला त्याचा राग यावा की हसू, कळेना. मी त्याच्याकडून एक हार घेतला आणि सांगितलं, हा आखूड करून दे. दाजी बघत होते. पिशवीत घालून ठेवला. जिंकली तर घालीन, नाहीतर बिरदेवाला वाहीन, असं ठरवलं.

कर्ण्यावरून कानडीत निकाल येत होते. दाजी कान टवकारून ऐकत आणि मला मराठीत सांगत. आमच्या वॉर्डाचं नाव आलं. दाजींनी माझा हात धरला. कर्णा खरखरला, आकडे आले, दाजी काहीच बोलेनात.

"दाजी! सांगा की!"

"अकरा," ते म्हणाले. "अकरा मतांनी."

"कोण?"

"ही," ते म्हणाले. "आमची ही."

मी किंचाळले. पोलीस वळून बघायला लागला, बघू दे! आक्का फाटकातून बाहेर आली, मागे रत्ना. पदर खांद्यावर आलेला, चेहरा लालबुंद. मागून तात्या. वाईट माणूस नव्हे, पण त्यांना कळतच नव्हतं. सगळ्यांसमोर म्हणाले, "घरटी भंडारा उचललाय. मग मतं गेली कुठं? कुणी शब्द मोडला?"

"कुणीबी मोडला न्हाय तात्या," रत्ना म्हणाली. "बाप्यांनी उचलला हुता, बाप्यांनी पाळला. तुमची मतं मोजा, बरोबर निघतील. आम्हांला बोलावलंच न्हवतं तुम्ही."

तात्या खरंच बोटांवर मोजायला लागले, आणि शेजारी उभा असलेला त्यांचाच माणूस फिस्सकन हसला.

एवढ्यात गल्लीतली पोरं हार घेऊन धावत आली. आणि सवय म्हणजे काय बघा, हार सरळ दाजींच्या गळ्यात! गुलालही दाजींच्याच डोक्यावर. दोघांनी तर त्यांना खांद्यावर घ्यायला वाकूनही बघितलं. आक्का बाजूला उभी, हसतेय, मागच्या वेळीही असंच झालं असणार. मी पिशवीत हात घातला, पण त्याआधीच दाजींनी गळ्यातला हार काढला. एरवी ज्या माणसाच्या तोंडातून शब्द ओढून काढावा लागतो, तो भर रस्त्यात मोठ्यानं म्हणाला,

"माझ्या गळ्यात कशाला घालतायसा रं? मी हिला मत बी दिलो न्हाय!"

मग दाजी आक्कापुढे गेले, हार तिच्या गळ्यात घातला. तो तिच्या गुडघ्यांपर्यंत आला. "माझ्याबिगर आलीस," ते म्हणाले, "माझ्या मताबिगर आलीस बघ." आक्का रडायला लागली, रत्ना रडायला लागली, मी तर केव्हाची रडत होते. हलगीवाल्यानं मात्र वेळ न घालवता वाजवायला सुरुवात केली. माझा आखूड हार मी रत्नाला घातला. तिला तो मापात बसला.

त्या रात्री गावात जेवण झालं. तात्या आले, जेवले, आक्काला म्हणाले, "वहिनी, माझ्या गल्लीतली गटार बघा आता." ती म्हणाली, सोमवारी बघतो.

परतीच्या वाटेवर गाडीत मी एकटीच मोठमोठ्यानं बोलत होते. साहेबांना काय सांगायचं, कसं सांगायचं. खर्चाचं विचाराल तर डिझेल आणि टोल सोडला तर फार काही झाला नाही, बेळगावात साधी स्वच्छ खोली मिळते, जेवण सगळीकडे घरचं होतं. जाणार असाल तर थंडीत जा. आणि गावात निवडणूक असेल तर दोन दिवस जास्त राहा, किल्ला कुठं पळून जात नाही.

पुण्यात घरी आईला सगळी गोष्ट सांगितली. आई म्हणजे आक्काची मावशी. ती सगळं ऐकून खूप हसली, आणि मग तिचा चेहरा पडला. म्हणाली, "पण पोरी, पुढच्या बारीला ते शहाणे होतील. बायकांनाही भंडारा उचलायला लावतील. मग काय करेल शालन?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लगेच फोन लावला, स्पीकरवर टाकला, आईनंच विचारलं.

आक्काला विचार करायला वेळ लागला नाही. तिचा आधीच झाला होता.

"बोलवू देत की गं मावशी. तेच पायजे मला. आजवर आम्ही त्या देवळात बैठकीला बसलोय काय कधी? बोलावलं तर आधी बसायला जागा द्यावी लागंल. आणि एकदा बसलो, की भंडाऱ्याला हात लावायच्या आधी मी इचारणार, कोण उभारणार ते कुणी ठरवलं?"